तो ब्रँडीवाइनला खरंच होता का? सासरच्या पूर्वजाचा शोध, पेनसिल्व्हेनिया मिलिशिया

मृण्मयी_लँकेस्टर

नमस्कार मंडळी. इथे वंशावळ, कुळवृत्तांत यांवर बरेच धागे वाचले, पण माझा प्रश्न माहेरचा नाही, सासरचा आहे. नवरा अमेरिकन. त्याचं घराणं पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत अडीचशे वर्षांहून जास्त काळ आहे. मूळचे जर्मन भाषक, शेतकरी. घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: आपला पूर्वज अमेरिकन क्रांतियुद्धात, ११ सप्टेंबर १७७७ ला ब्रँडीवाइनच्या लढाईत वॉशिंग्टनच्या बाजूने लढला. सासरे ही गोष्ट दर थँक्सगिव्हिंगला सांगायचे. गेल्या वर्षी ते गेले.

लेक आता अठरा वर्षांची होतेय. आतेसासूबाईंची फार इच्छा आहे की तिने डीएआरची, म्हणजे डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनची (क्रांतियुद्धाला हातभार लावणाऱ्यांच्या वंशज स्त्रियांची संस्था) सभासद व्हावं. लेक म्हणते, "आई, अर्जावर सही करायच्या आधी मला कळलं पाहिजे की हे खरं आहे." म्हणून आम्ही दोघी शोधायला बसलो.

पेनसिल्व्हेनिया आर्काइव्हज नावाचे छापील खंड आहेत. त्यांच्या पाचव्या मालिकेच्या सातव्या खंडात लँकेस्टर काउंटीच्या मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक नागरी सैन्याच्या, याद्या आहेत. तिथे नाव सापडलं! कॅप्टनचं नाव, बटालियनचा नंबर, आणि नावापुढे "तिसरा क्लास". गावही जुळतं. इतका आनंद झाला की मी रात्री अकरा वाजता आतेसासूबाईंना फोन केला.

आता प्रश्न: एवढा पुरावा पुरेसा आहे का? "तिसरा क्लास" म्हणजे काय? आणि तो ब्रँडीवाइनला होता हे कुठे कळेल? (आडनाव मुद्दाम लिहीत नाही, इथले नातेवाईक बरेच आहेत.)

शर्वरी_एनजे

किती छान! मुलीचं विशेष कौतुक. फोल्ड३ आणि फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या दोन्ही वेबसाइटवर बघ. फॅमिलीसर्च फुकट आहे. फोल्ड३ ला पैसे पडतात, पण बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत तिथे बसून बघता येतं. आडनाव जर्मन असेल तर स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी घालून बघ. कारकून इंग्रज, ऐकू आलं तसं लिहायचे. शिवाय भाषांतरही होत असे: त्सिमरमानचा कार्पेंटर, श्मिटचा स्मिथ, येगरचा हंटर.

दत्ताकाका

मृण्मयीताई, मी निवृत्तीनंतर सात वर्षं इथल्या एका काउंटी ग्रंथालयाच्या वंशावळ विभागात आठवड्यातून दोन दिवस बसतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन लोक येतातच. थोडं लांबेल, पण नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गाडी चुकते.

पहिली गोष्ट: १७७७ च्या मार्चपासून पेनसिल्व्हेनियात मिलिशिया ऐच्छिक नव्हती. त्याआधी १७७५ पासून "असोसिएटर्स" होते, ते स्वखुशीने आलेले. मग १७ मार्च १७७७ चा कायदा झाला आणि १८ ते ५३ वयाच्या जवळजवळ प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुषाचं नाव यादीत घालणं बंधनकारक झालं. त्यामुळे यादीत नाव म्हणजे सैनिक, असं समजू नका. यादीत नाव म्हणजे तो त्या वर्षी त्या टाउनशिपमध्ये (काउंटीच्या पोटविभागात) राहत होता आणि त्या वयाचा होता, एवढंच पक्कं.

दुसरी: काउंटीत बटालियन, बटालियनमध्ये आठ कंपन्या, आणि प्रत्येक कंपनीचे चिठ्ठ्या टाकून आठ क्लास. क्लास म्हणजे पाळी. हुद्दा नाही, दर्जा नाही. सरकारला माणसं लागली की आधी पहिल्या क्लासला बोलावणं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एक पाळी दोन महिन्यांची. सगळी कंपनी एकदम कधीच निघत नसे, नाहीतर कापणीला गावात माणूसच उरला नसता. तुमच्या पूर्वजाची पाळी तिसरी होती, एवढं या नोंदीवरून कळतं.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. सगळ्या कंपन्यांतला तिसरा क्लास निघाला की त्यांची वेगळी, तात्पुरती बटालियन बांधत, आणि तिचे अधिकारीही ठरलेल्या क्रमाने नेमलेले असत. म्हणजे घरच्या यादीतला कॅप्टन एक आणि मोहिमेवरचा कॅप्टन दुसराच! लोक घरच्या कॅप्टनचं नाव धरून लढाया शोधत बसतात आणि भलत्याच माणसाचा इतिहास आपल्या आजोबाला चिकटवतात. शिवाय १७८० मध्ये पुन्हा रचना झाली तेव्हा बटालियनचे नंबर बदलले. १७७८ ची पाचवी आणि १७८१ ची पाचवी एकाच भागातल्या असतील असं नाही. आणि मिलिशियाच्या पाचव्या बटालियनचा कॉन्टिनेन्टल आर्मीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या नियमित सैन्याच्या, पाचव्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटशी तर काहीच संबंध नाही.

"काउंटी लेफ्टनंट" असा शब्द कुठे दिसला तर तोही फसवा आहे. तो लढणारा लेफ्टनंट नव्हे. काउंटीतल्या मिलिशियाचा सगळा कारभार, याद्या, दंड, बोलावणी बघणारा अधिकारी.

तेव्हा आता शोधा "सक्रिय सेवा" असं स्पष्ट लिहिलेली यादी किंवा पगाराची नोंद. हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराने क्रांतियुद्धाची कार्डं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत, त्यांवर हा फरक दिसतो. आणि दंड भरल्याची नोंदही शोधा. ती टाळू नका.

राहिलं ब्रँडीवाइन. त्या दिवशी पेनसिल्व्हेनियाची मिलिशिया जनरल जॉन आर्मस्ट्राँगच्या हाताखाली होती आणि तिला नदीच्या खालच्या अंगाला, पाइल्स फोर्डवर (फोर्ड म्हणजे नदीचा उतार), वॉशिंग्टनच्या डाव्या बगलेला ठेवलं होतं. ब्रिटिश सेनापती हाउ आणि कॉर्नवॉलिस (हाच पुढे १७८६ साली हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला) वरच्या अंगाने वळसा घालून उजव्या बगलेवर आले, लढाई तिकडे पेटली. खाली मिलिशियाच्या वाट्याला फार थोडी लढाई आली. तुमचा पूर्वज तिथे असलाच तर बहुधा त्याने दिवसभर तोफा ऐकल्या असतील.

अनुराधा_बॉस्टन

काकांचं वाचून वाटलं, आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये किती सोपं आहे! इथे राज्यानेच १८९६ ते १९०८ मध्ये सतरा जाड खंड छापले, क्रांतियुद्धातला एकेक सैनिक आणि खलाशी आडनावाच्या क्रमाने. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनच्या पहिल्या चकमकीची खबर आली तेव्हा कोण निघालं, किती दिवस बाहेर होतं, कुणाला किती मैलांचा भत्ता मिळाला, तेही आहे. मी एका शेजारीण आजींसाठी शोधलं, त्यांचा पूर्वज फक्त चार दिवस गेला होता. त्या चार दिवसांचा कागद बघून आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथल्या रेजिमेंटला नंबरापेक्षा कर्नलचं नाव असतं, त्यामुळे कर्नल आधी शोधावा लागतो. इथला माणूस आपली बंदूक घेऊन येई, अगदी आपल्या शिलेदारासारखा. स्वतःचा घोडा तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, शाळेत शिकलो ना आपण.

एक चूक मी स्वतः केली ती सांगते. कागदावर नावापुढे "ज्युनिअर" होतं म्हणून मी "सीनिअर"ला त्याचा बाप धरलं आणि तसं वंशवृक्षात घातलं. त्या काळी गावात एकाच नावाची दोन माणसं असली की मोठा तो सीनिअर, धाकटा तो ज्युनिअर. चुलता-पुतण्या असतील, नातं नसेलही. आणि सीनिअर वारला की कालचा ज्युनिअर आज सीनिअर! माझी अख्खी एक शाखा त्यात चुकली, आठ महिने गेले. मृण्मयी, तुझ्या टाउनशिपमध्ये त्या नावाची किती माणसं होती ते आधी मोज.

मृण्मयी_लँकेस्टर

काका, काय लिहू? तुमचा प्रतिसाद लेकीने प्रिंट काढून भिंतीवर लावलाय.

अनुराधा, मोजली. तीन! एकाच टाउनशिपमध्ये एकाच नावाचे तिघे, दोन चुलतभाऊ आणि एक ज्याचं नातं कळत नाही. रात्री अकरा वाजता फोन करायची घाई केली असं आता वाटतंय.

तिघांतला आपला कोणता, हे कसं ठरवायचं? आम्ही १८५० च्या जनगणनेपर्यंत व्यवस्थित पोचलोय. त्याच्या मागे जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांच्या जागी आकडे. इथे जन्माची सरकारी नोंद राज्यभर सुरू झाली तीच १९०६ ला. मधली दोन पिढ्यांची दरी आहे.

दत्ताकाका

१७९० ते १८४० ची ती दरी सगळ्यांनाच छळते. उडी मारू नका, पायरी पायरीने मागे या. तीन गोष्टी बघा: मृत्युपत्र, जमिनीचे खरेदीखत, चर्चची वही. माणसाचं नाव तेच असलं तरी जमीन वेगळी असते. १८१०-२० च्या सुमाराला ज्या मुलाने जमीन विकली, त्याने खतात "ही मला अमुक अमुक वडिलांकडून आली" असं लिहिलेलं असतं. ती जमीन मागे मागे नेली की बरोबर त्या माणसाच्या दारात जाऊन पोचता. शिवाय वार्षिक कराच्या याद्या: एकर, घोडे, गायी. तिघांची गुरं आणि जमीन वेगवेगळी, म्हणजे तिघे वेगळे करता येतात.

आणि सही बघा. मुलाच्या मृत्युपत्रावर, बापाच्या करारावर. जर्मन माणूस कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत सही करायचा. इंग्रज कारकुनाला ती वाचता येत नसे. आपल्याकडे मोडीतला कागद ज्याला वाचता येत नाही त्याला तो नुसत्या रेघोट्या वाटतो, तसंच.

केदार_शार्लट

उशिरा आलो, पण या धाग्यावर पेन्शनच्या फायलींबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा खजिना तोच.

युद्ध खात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० ला आग लागली आणि क्रांतियुद्धाचे बहुतेक मूळ कागद जळाले. मग म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन द्यायची तर पुरावा काय? १८१८ च्या कायद्यात फक्त कॉन्टिनेन्टल सेवेतल्या गरजूंना पेन्शन होती. मिलिशियातल्या साध्या शेतकऱ्याला दार उघडलं ते ७ जून १८३२ च्या कायद्याने. एकूण सहा महिने सेवा भरली तर पेन्शन, दोन वर्षं भरली तर पूर्ण. गरिबीची अट नाही. मग सत्तर-ऐंशी-नव्वद वर्षांचे म्हातारे काउंटी कोर्टात यायचे आणि जज्जासमोर शपथेवर आठवेल ते सांगायचे.

त्यांना ठरलेले प्रश्न विचारत. जन्म कुठे, कोणत्या साली? वयाची नोंद आहे का? बोलावलं तेव्हा कुठे राहत होतास, नंतर कुठे राहिलास? कसा गेलास, स्वखुशीने, पाळी आली म्हणून, की बदली म्हणून, आणि बदली असशील तर कुणाची? बरोबर कोणते अधिकारी होते? सुटीचा दाखला मिळाला होता का? आणि तुझ्या खरेपणाची साक्ष कोण देईल, शेजारी, पाद्री? या उत्तरांत अख्खं आयुष्य येतं. कुणी सांगतो दाखला घर जळालं तेव्हा गेला, कुणी सांगतो बायकोने जपून ठेवला होता पण उंदरांनी खाल्ला. दक्षिणेकडच्या मोहिमांतल्या हजारो माणसांचे असे जबाब दोन अभ्यासकांनी टंकून जाळ्यावर मोफत ठेवले आहेत. माझी एक अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. ७ ऑक्टोबर १७८० च्या किंग्ज माउंटनच्या लढाईबद्दल, डोंगर चढून लढलेल्या माणसाच्याच तोंडून वाचायला मिळतं.

फायलीच्या नंबरापुढचं अक्षर बघा. एस म्हणजे सैनिकाची स्वतःची, डब्ल्यू म्हणजे विधवेची, आर म्हणजे नामंजूर. विधवेची असेल तर देव पावला समजा. तिला लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून बाया घरच्या बायबलमधलं जन्ममृत्यूचं पान फाडून अर्जाला जोडत. पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन घरांतून फुलापक्ष्यांची चित्रं काढलेले बाप्तिस्म्याचे रंगीत दाखलेही गेलेत. घरातली एकमेव वस्तू, राजधानी वॉशिंग्टनला पाठवलेली. तिथेच राहिली, म्हणून आज आपल्याला दिसते.

नामंजूर फाईल सोडू नका. सहा महिने भरले नाहीत म्हणून नाकारलेले कितीतरी. पाळी दोन महिन्यांची, दोन पाळ्या केल्या तरी चारच महिने! पण जबाब तर फायलीत आहेच. आणि आपल्या माणसाची फाईल नसेल तर त्याच्या क्लासमधल्या शेजाऱ्यांच्या फायली वाचा. ते एकमेकांची नावं घेतात.

नीलिमा_प्रॉव्हिडन्स

केदारच्या प्रतिसादाला जोडून. माझी सून आफ्रिकन अमेरिकन, ऱ्होड आयलंडची. १७७८ च्या फेब्रुवारीत इथल्या विधिमंडळाने ठरवलं की जो गुलाम फर्स्ट ऱ्होड आयलंड रेजिमेंटमध्ये भरती होईल तो मुक्त, आणि मालकाला सरकार किंमत देईल. सुनेच्या घराण्यातला एक पुरुष त्यात होता असं तिची आजी सांगायची. ही मिलिशिया नव्हे, पण शोधाची वाट तीच. अडचण अशी की यादीत कितीदा नुसतं पहिलं नाव असतं, आडनाव मालकाचं. युद्धानंतर माणसाने स्वतःचं आडनाव घेतलं की धागा तुटतो. आम्ही अडीच वर्षं अडकलो होतो. शेवटी मालकाला मिळालेल्या किमतीच्या हिशेबातून उलटं गेलो, कारण माणसाची नोंद धड नसली तरी पैशाची नोंद चोख होती. ते पान सुनेने वाचलं आणि उठून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले नाही. अर्ध्या तासाने ती परत आली आणि म्हणाली, "पुढचं पान काढा आई."

१८४० च्या जनगणनेत पेन्शनधारकांची नावं आणि वयं वेगळी लिहिली आहेत. छोटी यादी आहे, सगळ्यांनी एकदा जरूर बघा.

शर्वरी_एनजे

नीलिमाताई, वाचून गलबलून आलं. यावर वेगळा धागा काढा ना, सविस्तर.

मृण्मयी_लँकेस्टर

मंडळी, दोन महिने गायब होते. सांगण्यासारखं खूप आहे.

काकांनी सांगितल्याप्रमाणे जमीन धरली. १८१४ चं खरेदीखत मिळालं, त्यावरून वडील, आणि कराच्या याद्यांतून तिघे वेगळे झाले. आपला तो नातं न कळणारा तिसरा निघाला. १५० एकर, तीन घोडे, चार गायी. यादीतला तिसरा क्लास त्याचाच, हे आता पक्कं.

मग पेनसिल्व्हेनिया आर्काइव्हजच्या तिसऱ्या मालिकेत काउंटी लेफ्टनंटांचे हिशेब बघितले. तिथे तो आहे. दंड भरलेल्यांत. कवायतीला गैरहजर म्हणून दंड, पाळीला गेला नाही म्हणून दंड. एकदा नाही, सतत. मी पान उलटत गेले आणि छातीत धडधडायला लागलं.

कारण मेनोनाइट ग्रंथालयात कळलं. तो मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा होता. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, हा त्यांचा धर्म. १७७७ च्या जूनमध्ये राज्याने निष्ठेची शपथ सक्तीची केली, ती न घेणाऱ्याला मत नाही, सरकारी पद नाही, पुढे कर दुप्पट. ही माणसं दंड भरत राहिली, घोडे आणि गाड्या सैन्याने नेल्या तरी शेती करत राहिली. दोन पिढ्यांनंतर घराणं लुथेरन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेलं आणि ही आठवण पुसली गेली. ब्रँडीवाइनची गोष्ट तेवढी उरली.

आतेसासूबाईंना हे सांगायला मी स्वतः गेले, फोन केला नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या की माझ्या भावाने आयुष्यभर ही गोष्ट मनापासून सांगितली. मी म्हटलं, हो, आणि त्यांनी सांगितली म्हणूनच आम्ही शोधलं.

आता पुढचं ऐका. केदारने शेजाऱ्यांच्या फायली वाचा म्हटलं होतं. लेकीने तिसऱ्या क्लासची सगळी नावं उतरवून घेतली आणि एकेक फाईल काढत बसली. सतराव्या नावाला सापडलं. १८३२ नंतरचा जबाब, ओहायोतल्या एका काउंटी कोर्टातला. म्हातारा सांगतो, मी तेव्हा लँकेस्टर काउंटीत मजुरी करत होतो, एक पाळी स्वतःची केली आणि एक पाळी बदली म्हणून. कुणाची बदली? आमच्या पूर्वजाचं नाव, स्पेलिंग वेगळं, टाउनशिप तीच. ब्रँडीवाइनच्या दिवशी खालच्या उतारावर उभे होतो, तोफा ऐकत होतो, संध्याकाळी मागे फिरायचा हुकूम आला.

म्हणजे त्या घरातून कुणीतरी खरंच गेलं होतं. आमचा नव्हे, त्याच्या जागी गेलेला, जमीन नसलेला एक मजूर.

काका, एक विचारायचं आहे. पूर्वजाने स्वतः त्याला पैसे दिले असतील का? मेनोनाइट माणूस बदली देणंही पाप समजे असं वाचलं.

दत्ताकाका

मृण्मयीताई, वाचताना अंगावर काटा आला. लेकीला माझा नमस्कार सांगा, हो, नमस्कारच.

१७७७ च्या कायद्यात माणूस आला नाही तर काउंटी लेफ्टनंट स्वतः बदली नेमायचा आणि खर्च न येणाऱ्याकडून वसूल करायचा. त्यामुळे तुमच्या पूर्वजाच्या मनाविरुद्धही हे झालं असेल. तो त्या मजुराला कधी भेटलाही नसेल. दंडाच्या नोंदीची तारीख आणि त्या पाळीची तारीख ताडून बघा, रक्कम बदलीच्या मोबदल्याशी जुळली तर उत्तर मिळेल.

डीएआरचं म्हणाल तर ब्रँडीवाइन लिहू नका, मिलिशियाही लिहू नका. पण युद्धकाळातला सप्लाय टॅक्स (युद्धखर्चासाठीचा कर) भरल्याची नोंद त्या संस्था देशसेवेत धरतात. आधी त्यांची मोफत शोधयादी बघा, त्याच्या नावावर आधी कुणी अर्ज केलाय का ते कळेल. जुन्या अर्जांत पुरावे कच्चे असतात, त्यांवर विसंबू नका.

केदार_शार्लट

मृण्मयी, त्या मजुराच्या फाईलचं अक्षर कोणतं?

मृण्मयी_लँकेस्टर

आर. दोन पाळ्या, चार महिने. नामंजूर.

अर्जाचं लेकीने अजून ठरवलेलं नाही. सप्लाय टॅक्सची १७७९ ची नोंद मिळाली आहे, आतेसासूबाईंनी ती फ्रेम करून मागितली. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेबसाइटवर पेन्शनच्या फायली लोकांनी टंकून द्यायचा प्रकल्प चालू आहे, तिथे लेकीने खातं उघडलं आणि त्या मजुराची फाईल घेतली. एकूण २३ पानं आहेत. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी दोन पानं करतो. नवव्या पानावर एक शब्द अडलाय, पाद्र्याच्या साक्षीत आहे. स्कॅन खाली देते. काका, अनुराधा, कुणाला लागतोय का बघा.